आधी जेवणाच्या वेळा, मग औषध, मग वजन: बिंज इटिंग आणि लठ्ठपणाच्या उपचारांचा क्रम

सोमवारी सकाळी कडक डाएट सुरू होतं. नाश्ता काळ्या कॉफीवर भागवला जातो, दुपारी वाटीभर सॅलड, संध्याकाळी डोकं चढतं आणि रात्री साडेदहाला फ्रिजसमोर उभ्या उभ्या खा खा सुटते. मंगळवारी त्याची भरपाई म्हणून पुन्हा उपाशी. शुक्रवारपर्यंत हे चक्र दोनदा फिरून झालेलं असतं. मग कुणीतरी भूक मारणाऱ्या गोळीचं किंवा इंजेक्शनचं नाव सुचवतं. ते सुरू होतं, चार किलो उतरतात, औषध थांबतं आणि सहा किलो परत येतात.

आजार रेड्याला आणि औषध पखालीला, अशातला हा प्रकार. झटके येतात खाण्याचे (ताबा सुटून थोड्या वेळात भरमसाट खाणं, म्हणजेच बिंज इटिंग) आणि उपचार चालतो वजनावर. इच्छाशक्तीला दोष देऊन काही हाती लागत नाही. क्रम बदलला की गाडी बरीच रुळावर येते. तो क्रम कसा लावायचा, ते खाली टप्प्याटप्प्याने दिलं आहे. हे सगळं प्रौढांसाठी आहे. वय अठराच्या आत असेल, गर्भारपण असेल किंवा इन्सुलिन चालू असेल, तर पुढचा कोणताही बदल डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

टप्पा १: हा आजार बिंज इटिंगच आहे का, ते पक्कं करा

लग्नात चार घास जास्त गेले, याला बिंज म्हणत नाहीत. निदानासाठी दोन गोष्टी एकत्र लागतात. पहिली, साधारण दोन तासांच्या आत इतकं खाल्लं जातं की तेवढ्या वेळात, तशा परिस्थितीत बहुतेक माणसं तेवढं खाणार नाहीत. दुसरी, खाताना ताबा सुटल्याची जाणीव असते: थांबावंसं वाटतं, थांबता येत नाही. यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि नेमकी तीच डॉक्टरांना सांगायची राहून जाते.

सोबत पुढच्या पाचांपैकी किमान तीन खुणा हव्यात: नेहमीपेक्षा भराभर खाणं, पोट दुखेपर्यंत खाणं, भूक नसताना खूप खाणं, लाजेपोटी एकट्याने खाणं, आणि नंतर स्वतःची किळस किंवा अपराधी वाटणं. याचा मनाला खरोखर त्रास व्हायला हवा, आणि असं सरासरी आठवड्यातून एकदा तरी, सलग तीन महिने घडत असायला हवं. आठवड्याला १ ते ३ झटके म्हणजे सौम्य, ४ ते ७ मध्यम, ८ ते १३ तीव्र आणि १४ किंवा त्याहून जास्त म्हणजे अतितीव्र. हा आकडा पुढे औषध ठरवताना लागतो, म्हणून अंदाज न बांधता मोजा.

या आजारासाठी लठ्ठ असावंच लागतं असं नाही, आणि प्रत्येक लठ्ठ माणसाला हा आजार असतो असंही नाही. दोन्ही असतील तर उपचारही दोन असतात. कुठला कशासाठी चालला आहे, हे रुग्णाला माहीत असायला हवं.

*सावधान:* झटक्यानंतर उलट्या काढणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं, दिवसभर उपाशी राहणं किंवा पाय मोडेस्तोवर व्यायाम करणं नियमित घडत असेल, तर निदान बदलतं. तो बुलिमिया असू शकतो. ही गोष्ट लपवली तर धोका थेट जिवाशी आहे, कारण लठ्ठपणासाठी दिलं जाणारं एक औषध अशा रुग्णांत फिट आणू शकतं. त्याबद्दल सहाव्या टप्प्यात.

आणखी काही गोष्टी हुबेहूब बिंजसारख्या दिसतात. रात्री झोपेतून उठून खाण्याचा आजार वेगळा आहे. झोपेच्या काही गोळ्यांनी अर्धवट झोपेत खाणं घडतं आणि सकाळी आठवतही नाही. ओलान्झापिन, क्लोझापिन, मिर्टाझापिन (मानसिक आजारांची औषधं), व्हॅल्प्रोएट (फिटचं औषध), स्टेरॉइड आणि इन्सुलिन यांनी वजन वाढू शकतं, यातल्या काहींनी भूकही चांगलीच पेटते. यापैकी काही चालू असेल तर ते स्वतःच्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना फक्त विचारा: माझं खाणं या औषधानंतर वाढलं का, आणि याला पर्याय आहे का?

टप्पा २: पहिल्या भेटीची तयारी

बहुतेक जण डॉक्टरांसमोर बसल्यावर म्हणतात, "वजन फार वाढलंय." डॉक्टर वजनाचे उपचार देतात. चूक कुणाचीच नाही, पण सहा महिने वाया जातात. म्हणून जाताना एक वाक्य कागदावर लिहून न्या आणि खुर्चीत बसल्या बसल्या वाचून दाखवा: "आठवड्यातून अमुक वेळा माझा खाण्यावरचा ताबा सुटतो, मी ते लपवून खातो, आणि मला याचेच उपचार हवे आहेत." वाचून दाखवण्यात कमीपणा काही नाही. बोलायला गेलं की जीभ वजनाकडेच वळते, हा माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा अनुभव.

त्याच कागदाच्या मागे हे लिहा:

- गेल्या २८ दिवसांत झटके किती दिवस आले आणि एकूण किती
- चालू असलेली सगळी औषधं, झोपेच्या, वेदनाशामक आणि जडीबुटीच्या गोळ्यांसकट
- हृदयविकार, उच्च रक्तदाब, फिट, काचबिंदू, मुतखडा, स्वादुपिंडाला सूज, पित्ताचे खडे यांपैकी कधी काही झालं का
- स्वतःला किंवा घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग
- दारू, अफूजन्य वेदनाशामकं किंवा इतर कशाचं व्यसन, आत्ता किंवा पूर्वी
- गर्भारपणाचा विचार, आणि चालू असलेलं गर्भनिरोधक
- नैराश्य, बायपोलर, एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा विकार), स्वतःला इजा करण्याचे विचार

ही यादी लांबलचक वाटेल, पण यातली एकेक ओळ कुठल्या ना कुठल्या औषधाचा रस्ता बंद करते. तपासण्यांमध्ये रक्तदाब, नाडी, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर), रक्तातल्या चरबीचं प्रमाण, यकृत, मूत्रपिंड आणि थायरॉइड एवढं साधारणपणे पाहिलं जातं. घोरणं, दिवसा डुलक्या आणि सकाळी डोकं जड होणं असेल तर झोपेत श्वास अडकण्याची तपासणीही मागून घ्या.

जायचं कुणाकडे? खाण्याच्या विकारांचं काम केलेला मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हवा, आणि वजन-साखर-रक्तदाब पाहणारा फिजिशियन. आहारतज्ज्ञ तिसरा. या तिघांना एकमेकांचं माहीत असलं पाहिजे. एकाची चिठ्ठी दुसऱ्याला दाखवणं हे तुमचंच काम आहे असं धरून चला.

*तपासा:* भेट संपवून बाहेर पडताना "माझं निदान काय लिहिलंत?" हे विचारलं का? कागदावर फक्त 'लठ्ठपणा' असेल तर पुन्हा आत जा.

टप्पा ३: दोन आठवडे फक्त नोंद, बदल काहीही नाही

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

विचार आणि वर्तन बदलण्याच्या मानसोपचाराची, म्हणजे सीबीटीची, सुरुवात नोंदवहीपासून होते. कॅलरी मोजायच्या नाहीत. ग्रॅम मोजायचे नाहीत. रकाने पाच: वेळ, काय खाल्लं, कुठे, ताबा सुटला असेल तर फुली, आणि शेवटी त्याआधी काय चाललं होतं. लिहायचं खाल्ल्या खाल्ल्या, किंवा खातानाच. नमुन्यादाखल एका दिवसाचं पान असं दिसतं:

७:४० – कॉफी – ओट्यापाशी – काल रात्रीची लाज, नाश्ता नको
१:१५ – सॅलड, अर्धा सँडविच – डेस्कवर – मीटिंग लांबली
५:३० – कॉफी, एक बिस्कीट – डेस्कवर – डोकं दुखतंय
८:५० – जेवण, नेहमीएवढं – टेबलावर – सगळे सोबत होते
१०:४० – बिस्किटांचा पुडा, ब्रेड, अर्धा डबा आइस्क्रीम – फ्रिजपाशी, दिवा न लावता – ✗ – सगळे झोपले, उद्याचं काम आठवलं

या पानाचा धनी सांगेल की घोटाळा १०:४० ला झाला. पान मात्र वेगळंच सांगतं. रात्रीच्या आठ पन्नासपर्यंत पोटात जेमतेम एका जेवणाएवढं अन्न गेलं होतं. दिवसभराचं देणं शरीराने रात्री वसूल केलं, आणि काळजीने फक्त दार उघडून दिलं. 'दिवा न लावता' हे दोन-तीन शब्दही फार कामाचे आहेत. पुढे पाचव्या टप्प्यात याच शब्दांवरून उपाय निघतो.

नेहमीच्या चुका अशा. रात्री झोपताना सगळा दिवस आठवून लिहिणं. त्यात निम्मं गळतं, आणि गळतं ते नेमकं फुलीचंच. वाईट दिवस कोरा सोडणं; खरं तर दहा चांगल्या पानांपेक्षा ते एक पान मोलाचं असतं. "खूप खाल्लं, लाज वाटते" एवढंच लिहिणं. हा पश्चात्ताप झाला, नोंद नव्हे. कॅलरी मोजणारं ॲप वापरणं. लाल आकडा दिसला की माणूस पुढचं जेवण टाळतो, आणि आपण परत सोमवारच्या सकाळी येऊन पोहोचतो.

वजन आठवड्यातून एकदाच करा. ठरलेला वार, सकाळची वेळ. रोजचा काटा पाण्याची आणि मिठाची चढउतार दाखवतो, आणि त्यावरून माणूस दिवसाचं जेवण ठरवायला लागतो. महिनाभर काट्याकडे पाहिलंच नाही तरी तितकंच वाईट, कारण मग भीती मनातल्या मनात वाढत राहते.

*तपासा:* चौदा दिवसांपैकी दहा दिवसांची तरी नोंद त्या त्या वेळी लिहिलेली आहे का? नसेल तर आणखी एक आठवडा इथेच थांबा. पुढचा टप्पा या पानांवरच उभा आहे.

टप्पा ४: घड्याळ लावून जेवा

आता पहिला बदल. दिवसात तीन जेवणं आणि मध्ये दोन किंवा तीन वेळा थोडं खाणं. दोन खाण्यांमध्ये चार तासांपेक्षा जास्त अंतर नको. वेळा आदल्या दिवशी लिहून ठेवायच्या, आणि ठरलेल्या वेळांच्या मधल्या काळात शक्यतो खायचं नाही. काय खायचं याचा नियम सध्या नाही. केव्हा खायचं, एवढाच नियम.

हे ऐकून लोक दचकतात. "आधीच वजन एवढं, आणि तुम्ही सहा वेळा खायला सांगता?" भीती समजण्यासारखी आहे. एका झटक्यात जेवढं पोटात जातं त्याच्यापुढे दुपारचं मधलं खाणं किरकोळ असतं, आणि दिवसा नीट जेवलं की रात्रीचे झटके गळायला लागतात. म्हणून एकूण हिशेबात वजन सहसा वाढत नाही. ते पटापट उतरेल असंही समजू नका. या टप्प्याचं ते काम नाही.

भुकेवर विसंबू नका. वर्षानुवर्षं उपाशी राहणं आणि अनावर खाणं आलटून पालटून केलेल्या माणसाची भुकेची घंटा बिघडलेली असते. सकाळी ती वाजतच नाही, रात्री थांबत नाही. ती दुरुस्त होईपर्यंत घड्याळ वापरायचं.

सुरुवात कुठून? दिवसाचा जो भाग सर्वांत कमी बिघडलेला आहे तिथून, बहुधा सकाळपासून. आधी नाश्ता पक्का करा, चार-पाच दिवसांनी दुपार, मग संध्याकाळ. एकाच दिवशी सगळं बदलणारे आठवड्याभरात गळतात. पाळीची नोकरी असेल तर 'सकाळ' म्हणजे तुम्ही जागे होता ती वेळ. उठल्यापासून तासाभरात पहिलं खाणं आणि तिथून पुढे तीन-चार तासांची मोजणी.

आणि सगळ्यात अवघड नियम: झटका आला तरी पुढचं ठरलेलं जेवण ठरलेल्या वेळी. रात्री अकराला झटका आला असेल तर सकाळी आठचा नाश्ता आठलाच. भूक नसेल तर थोडा कमी, पण खायचा. तो टाळणं म्हणजे पुढच्या झटक्याला आमंत्रण. या एका नियमावर मी जेवढा वाद घातला आहे, तेवढा दुसऱ्या कशावरही नाही.

*सावधान:* सोळा-सोळा तासांचे उपवास, एकवेळ जेवण, 'डिटॉक्स' आणि एखादा पदार्थ कायमचा वर्ज्य करणं सध्या बंद. कुणाला त्याचा कितीही फायदा झालेला असो.

*तपासा:* चौथ्या आठवड्याच्या शेवटी फुल्या मोजा. सुरुवातीच्या तुलनेत झटके साधारण दोन तृतीयांशाने घटले असतील तर ते फार चांगलं चिन्ह. पहिल्या महिन्यात अशी घट दिसलेल्यांचा पुढचा निकालही चांगला लागतो, असं संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. घट नसेल तर अपयश म्हणून हात झटकू नका. उपचार एक पायरी वर न्यायची वेळ झाली, एवढाच त्याचा अर्थ.

ती पायरी कोणती? ब्रिटनमधल्या नाइस या, उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी तिचा साधा जिना दिला आहे. सुरुवात मार्गदर्शनाखाली स्वतः करायच्या उपचाराने, सोबत साधारण २० मिनिटांच्या ४ ते ९ छोट्या भेटी. चार आठवड्यांत गुण नाही किंवा ते जमत नाही, तर गटातलं सीबीटी: दर आठवड्याला ९० मिनिटं, १६ सत्रं. तेही शक्य नसेल तर थेरपिस्टबरोबर एकट्याची १६ ते २० सत्रं. याच सूचना आणखी दोन गोष्टी स्पष्ट सांगतात. मानसोपचाराचा वजनावर परिणाम मर्यादितच असतो, हे रुग्णाला आधी सांगावं. आणि बिंजसाठी नुसतं औषध, हा एकमेव उपचार म्हणून देऊ नये.

टप्पा ५: लहर येते तेव्हा

वेळा बसल्या की बरेच झटके आपोआप जातात. उरतात ते हट्टी असतात: भांडणानंतरचे, कंटाळ्याचे, एकटेपणाचे. इथे नोंदवहीचा शेवटचा रकाना उघडा आणि गेल्या महिन्यातल्या फुल्यांसमोर काय लिहिलंय ते सलग वाचा. सहसा दोन-तीन कारणंच आलटून पालटून येताना दिसतात.

लहर लाटेसारखी असते. चढते, टोकाला जाते, उतरते; बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत. तेवढा वेळ काढायला सात-आठ कामांची यादी आधीच करून ठेवा, कारण ऐन वेळी डोकं चालत नाही. काम हाताला गुंतवणारं आणि खाण्याच्या जागेपासून दूर नेणारं हवं: अंघोळ, चालणं, कुणाला तरी फोन. टीव्ही चालत नाही; टीव्हीसमोर हात मोकळेच राहतात.

वरच्या नमुन्यातल्या माणसाने काय करावं? रात्री साडेदहाला स्वयंपाकघरातला दिवा लावून ठेवावा. खायचंच असेल तर ताटलीत घेऊन, टेबलाशी बसून. पुड्यातून, उभ्याने, अंधारात नाही. आणि उद्याच्या कामाची यादी साडेनऊलाच कागदावर उतरवावी. बदल दिसायला किरकोळ आहेत, पण झटक्याला लागणारा आडोसा त्यांनी जातो.

वर्ज्य मानलेले पदार्थ हळूहळू परत आणावे लागतात. झटके बऱ्यापैकी थंडावल्यावर, चांगल्या दिवशी, जेवणाचा भाग म्हणून, शक्यतो सोबत कुणी असताना. आठवड्याला एक पदार्थ पुरे. 'कायमचा बंद' केलेला पदार्थ हाच बहुधा पुढच्या झटक्याचा पदार्थ असतो.

आरशासमोर पोट चिमटीत धरून पाहणं, जुना कपडा रोज चढवून पाहणं, याचीही नोंद ठेवा. त्या मिनिटभराने पुढचे चार तास नासतात. थेरपिस्टशी यावर स्वतंत्र काम करावं लागतं. एका लेखात ते मावत नाही.

टप्पा ६: औषध, आणि ते नेमकं कशासाठी

चिठ्ठी हातात आली की एकच प्रश्न विचारा: हे झटक्यांसाठी आहे, वजनासाठी आहे, की सोबतच्या नैराश्यासारख्या आजारासाठी? उत्तर नोंदवहीत लिहा, कारण गुण मोजायचा तो त्याच गोष्टीवर.

*झटक्यांसाठी.* अमेरिकेत २०१५ मध्ये लिसडेक्सअँफेटामिनला प्रौढांच्या मध्यम ते तीव्र बिंज इटिंगसाठी मान्यता मिळाली. हे उत्तेजक औषध आहे आणि प्रत्येक देशात उपलब्ध नाही. सुरुवात सकाळी ३० मिलिग्रॅमने, मग आठवड्याला २० ने वाढवत ५० ते ७० पर्यंत. ७० च्या वर नाही. वजन उतरवण्यासाठी ते मान्य नाही. व्यसन जडण्याचा धोका असल्याने जुनं व्यसन सांगणं अत्यावश्यक, हृदयाचा आजार असेल तर तेही. तोंड कोरडं पडणं, झोप उडणं, नाडी वाढणं हे नेहमीचे त्रास.

या औषधाबरोबर एक हमखास चूक होते. दिवसभर भूक मरते, म्हणून माणूस जेवणं सोडतो. संध्याकाळी असर उतरतो आणि रिकाम्या पोटी रात्र समोर उभी राहते. चौथ्या टप्प्यातलं वेळापत्रक इथे दुप्पट कडकपणे पाळायचं, भूक नसली तरी.

टोपिरामेट हे फिट आणि अर्धशिशीचं औषध काही डॉक्टर यासाठी देतात. झटके आणि वजन दोन्ही कमी होतात, पण शब्द न आठवणं, बोटांना मुंग्या, मुतखडा असे त्रास आहेत आणि गर्भाला व्यंगाचा धोका आहे. गर्भनिरोधक गोळीचा असरही मोठ्या मात्रेत कमी होतो. अचानक डोळा दुखून धूसर दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि हे औषध एकदम तोडायचं नसतं. फ्लुऑक्सेटिनसारख्या एसएसआरआय गटातल्या (नैराश्यावरच्या) गोळ्यांनी झटके थोडेफार घटतात, वजन फारसं हलत नाही; नैराश्य सोबत असेल तर त्या जास्त उपयोगी.

*वजनासाठी.* लठ्ठपणाची औषधं साधारणपणे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३० च्या पुढे, किंवा २७ च्या पुढे आणि सोबत मधुमेह-रक्तदाबासारखा आजार असेल तर विचारात घेतली जातात. नाल्ट्रेक्सोन-बुप्रोपिऑन ही जोडगोळी त्यातली एक. पहिल्या टप्प्यात सूचित केलेला इशारा याचाच: फिटचा आजार असेल, किंवा बुलिमिया वा ॲनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या भीतीने उपाशी राहण्याचा आजार) आता असेल वा पूर्वी झालेला असेल, तर बुप्रोपिऑन घ्यायचं नाही. अफूजन्य वेदनाशामक चालू असेल तर नाल्ट्रेक्सोन चालत नाही.

औषध आणि वर्तनोपचार (इथे सीबीटी नव्हे, संथ वजनघटीचा) एकत्र का, याचं चांगलं उत्तर याच जोडगोळीच्या एका चाचणीत मिळतं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत बिंज इटिंग असलेले १३६ जण १६ आठवडे चार गटांत होते. झटके पूर्ण थांबलेल्यांचं प्रमाण असं: नुसती खोटी गोळी १७.७ टक्के, नुसतं औषध ३१.३, वर्तनोपचार आणि खोटी गोळी ३७.१, वर्तनोपचार आणि खरं औषध ५७.१. हे चार आकडे मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहायला सांगतो. गोळीवर सगळी भिस्त ठेवणाऱ्यांनी दुसरा आणि चौथा आकडा शेजारी ठेवून पाहावा.

सेमाग्लूटाइड आणि टिर्झेपटाइड ही आठवड्याची इंजेक्शनं आज सगळ्यांच्या तोंडी आहेत. वजनावर ती जोरदार चालतात. सेमाग्लूटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं. बिंज इटिंगसाठी मात्र ती मान्यताप्राप्त नाहीत. मात्रा हळूहळू चढवतात: सेमाग्लूटाइड ०.२५ मिलिग्रॅमपासून, दर चार आठवड्यांनी एक पायरी, २.४ पर्यंत. घाई केली की मळमळ आणि उलट्या. मेड्युलरी थायरॉइड कर्करोगाचा इतिहास असेल तर नाही. स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल तर आधी सविस्तर चर्चा. गर्भारपण ठरवायचं असेल तर सेमाग्लूटाइड किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया (मधुमेहाच्या गोळ्यांचा एक गट) सोबत चालू असेल तर साखर घसरू शकते. त्यांची मात्रा डॉक्टरांनी आधी कमी करायला हवी.

इंजेक्शनने भूक शांत होते, त्यामुळे नोंदवही ओसाड पडते. ती ओसाड पडू देऊ नका. मनाच्या कारणाने येणारी लहर भुकेवाचूनही येते, आणि मात्रा कमी झाली की कोणती लहर परतली हे जुन्या पानांवरूनच कळतं.

*सावधान:* एका वेळी एकच बदल. दोन औषधं एकाच आठवड्यात सुरू झाली तर गुण कुणाचा आणि त्रास कुणाचा, ते कळत नाही. पोटात असह्य कळ येऊन पाठीत जाणं, छातीत दुखणं, फिट, किंवा जीव द्यावासा वाटणं: यांत पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही, लगेच दवाखाना.

*तपासा:* औषध सुरू होतानाच पुनर्विचाराची तारीख ठरली का? साधारण तीन महिन्यांत ठरलेल्या गोष्टीवर गुण नसेल तर ते का चालू ठेवायचं, याचं उत्तर मिळालंच पाहिजे.

टप्पा ७: आता वजन

झटके काही आठवडे जवळजवळ थांबलेले आहेत, वेळा अंगवळणी पडल्या आहेत, तर वजनाकडे वळा. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. तज्ज्ञाच्या देखरेखीखालचा, संथ वजनघटीचा वर्तनोपचार सुरुवातीपासून चालवला तरी झटके वाढत नाहीत, उलट कमी होतात. वरच्या चाचणीतला वर्तनोपचार त्याच प्रकारचा होता. तुमचा थेरपिस्ट दोन्ही सोबत चालवत असेल तर चालवू द्या. माझा विरोध आहे तो घरच्या घरी केलेल्या उपासमारीला.

जेवणांची संख्या तीच ठेवा, वाढप थोडं कमी करा. गरजेपेक्षा साधारण ५०० कॅलरींची तूट पुरते, आणि तिचा हिशेब आहारतज्ज्ञाने मांडायचा. तुम्ही ताटाच्या आकाराशी मतलब ठेवा. मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के घट झाली तरी साखर, रक्तदाब आणि झोपेत फरक पडतो. व्यायाम आठवड्याला १५० मिनिटं मध्यम गतीचा, दोन दिवस स्नायूंचा. झटक्याची शिक्षा म्हणून केलेला व्यायाम यात धरायचा नाही. त्याची नोंद फुलीच्या रकान्यात.

फुल्या सलग दोन आठवडे वाढल्या तर तूट लगेच बंद, आणि चौथ्या टप्प्यावर परत. शस्त्रक्रियेचा विचार असेल तर सर्जनला बिंजबद्दल आधी सांगा. पोट लहान केल्यावरही ताबा सुटून थोडं थोडं दिवसभर खाणं सुरू होऊ शकतं.

टप्पा ८: औषध उतरवताना, आणि पाय घसरला तर

सेमाग्लूटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी साधारण दोन तृतीयांश परत आलं, असं सहाव्या टप्प्यात सांगितलेल्या त्याच्या मोठ्या चाचणीच्या पुढच्या भागात दिसलं. लठ्ठपणा दीर्घकाळचा आजार आहे, हे त्यातून कळतं. म्हणून 'किती दिवस घ्यायचं आणि थांबवायचं कसं' हे सुरू करण्याच्या दिवशीच विचारायचं. टोपिरामेट आणि एसएसआरआय पायरीपायरीने उतरवतात. प्रवास, परीक्षा, घरातलं आजारपण अशा काळात कुठलंच औषध थांबवायला घेऊ नका.

घरच्यांसाठी तीन ओळी. ताटाकडे टक लावून पाहू नका. खाऊचे डबे कुलपात ठेवू नका. वजनाचा विषय जेवताना काढू नका. मदत करायचीच असेल तर ठरलेल्या वेळी सोबत जेवायला बसा.

झटका परत येणार, हे धरूनच चाला. एक चुकला म्हणजे सगळं गेलं, हा विचार पुढच्या पाचांना बोलावून आणतो. त्यासाठी पाकिटात मावेल एवढं कार्ड करा. पुढच्या बाजूला: आत्ता कुठे आहे, पुढचं जेवण किती वाजता, कुणाला फोन करायचा. मागच्या बाजूला: गेल्या तीन दिवसांत कुठलं जेवण चुकलं? नोंद कुठल्या दिवसापासून बंद आहे? कुठला नवा नियम स्वतःवर घातला? आठवड्यात दोन फुल्या आल्या की थेरपिस्टला कळवायचं, हे कार्डावर तळाशी, नंबरासकट. कार्ड बरं वाटत असताना लिहायचं, आणि लिहून झाल्यावर घरात एकाला तरी दाखवून ठेवायचं.